उलटी टीप

ऑक्टोबरात दुकानात एक पोतं आलं,
दांडिया बाजारात, जिन्याखालच्या माझ्या दुकानात.
सव्वीस जर्स्या, पिवळ्याधमक, पाठी कोऱ्या.
सुर्वे मास्तर म्हणाले, एक ते तेरा आकडे,
दोन दोन जोड, वर नावं.
क्रिकेट का? विचारलं. तर म्हणे रग्बी,
त्यातही लीग, पगारी पोरं.
मी म्हटलं, असू दे. सुई तीच.

तरी खांद्याला दुहेरी शिवण घातली.
माणसं खेचतात, असं ऐकलं होतं.

पहिल्या सामन्याला गेले ती शिवणच बघायला.
निंबाळकरवर चौघं आडवे पडले.
तो उसवला. शिवण नाही.

खेळ कळायला मात्र दिवाळी उलटली.
सहा वेळा पडायचं. दर वेळी उठायचं,
टाचेनं चेंडू मागे सारायचा.
सहाव्यांदा पडलात की चेंडू त्यांचा.
आणि हातानं पुढे द्यायचाच नाही,
मागे द्यायचा, मागच्यानं धावत येऊन घ्यायचा.
शेजारचे काका दोनदा समजावून दमले.
अहो काका,
एक टाका मागे, दोन पुढे:
ही तर उलटी टीप.
हिचे कपडे धुण्यात जात नाहीत.

नाताळपर्यंत नऊ सामने, जिंकले दोन.
त्यातला एक, समोरच्यांची बस
भरूचच्या पुलावर अडकली म्हणून.

वाइसाले फिजीहून आला.
त्याच्या जर्सीला दोन्ही बगलांत
चार चार बोटं पट्टी जोडली.
पायरीवर बसून शेव-उसळ खायचा, तर्री दोनदा मागून,
आणि घाम पुसत हिंदी बोलायचा,
आपल्या पणज्यांच्या वेळची वाटावी अशी.

एकदा सरावात चेंडू विश्वामित्रीत गेला.
आणायला कोण जाणार?
दुसऱ्या दिवशी काठावर मगरीशेजारी
ऊन खात पडला होता.
दोघंही हलत नव्हते.

उत्तरायणच्या दिवशी बडोद्यात सामना ठेवू नये,
हे लीगवाल्यांना कुणी सांगितलंच नाही.
चेंडू उंच गेला. खाली नटू राठवा, एक नंबर,
छोटा उदेपुरचा, कधी झेल न सोडलेला.
वर बघितलं तर आभाळभर पतंग.
हिरवा, लाल, चांददार, आणि त्यात कुठेतरी चेंडू.
तो हात पसरून उभाच राहिला.
चेंडू वीतभर बाजूला पडला,
आणि त्याच क्षणी कुठल्याशा गच्चीवरून
ओरडले, काप्यो छे!
आम्ही हसलो. मग नटूकडे बघून गप्प झालो.

फेब्रुवारीत चोकसी शेठचा मकरपुऱ्यातला कारखाना
एका पाळीवर आला.
पगार अर्धा. मार्चात तोही नाही.
पोतं पुन्हा येऊ लागलं, चिठ्ठीसकट:
मालेक गेला, नाव काढा. वाइसाले गेला, नाव काढा.
नाव उसवायला शिवण्याहून वेळ लागतो.
त्याचे पैसे कुणी धरत नाही.
बगलेच्या पट्ट्या मी तशाच ठेवल्या.

शेवटच्या सामन्याला बारा जण उरले.
तेरावी जर्सी मास्तरांनी घातली. वय एक्कावन्न.
बगलेत पट्ट्या असलेली, नाव नसलेली.
सेहेचाळीस-आठ हरलो.
पण एकदा चेंडू त्यांच्याकडे आला,
ते पडले.
काका उभे राहिले, मी उभी राहिले.
मास्तर उठले. आधी एक गुडघा, मग दुसरा.
टाचेनं चेंडू मागे सारला.

एप्रिलात शेठचा माणूस आला.
जर्स्या पादऱ्याच्या शाळेला दिल्यात,
आकडे काढून द्या, बाकी हिशेब नंतर बघू.
नंतर म्हणजे काय ते मला कळतं.

काल रात्री ब्लेड घेऊन बसले.
एक एक आकडा उचलत गेले.
बाकी कापड उन्हानं विटलंय, पाण्यानं फिकं झालंय.
आकड्यांखालचं तेवढं
ऑक्टोबरातलं, पिवळंधमक.
लांबून वाचता येतं: सात. अकरा. एक.

शाळेचं नाव मोठं आहे.
दोन ओळींत बसवलं तरी
सगळं झाकलं जाणार नाही.