नव्वद मिलिलिटर

पहाटे पावणेपाचला तालमीत पोचते,
गळ्यात ओळखपत्र, खांद्याला किटची पिशवी.
अश्लेषा चौगुले, वय अठरा, त्रेपन्न किलो,
नुकतीच दोर चढून उतरलीय.
पोटऱ्यांवर लाल माती, वाळत चाललेली.

"मॅडम, आत्ताच जाऊन आले की वो."

मग थांबायचं.
सीलबंद पाणी, तिनं स्वतः उचललेलं.
भांडं तिनं निवडायचं, तिनातलं एक.
मी हात लावायचा नाही.
नियम आहे, आणि नियम चांगला आहे.

वस्ताद आडनाईक कोपऱ्यात बदाम घोटतायत.
"एका बाटलीला किती खर्च येतो म्हणं, बाई?"
मी आकडा सांगते.
घोटणं थांबतं.
"एवढ्यात पोरीचा चार महिन्यांचा खुराक झाला असता."

मी सांगत नाही
की गल्ला एकच आहे:
ज्या खात्यातून हिची शिष्यवृत्ती
त्याच खात्यातून हिच्यावरचा संशय.
की मार्च आला, निधी उरला
की आम्ही पहिलवानांमागं धावतो,
आणि एप्रिलात किटच येत नाहीत, मे निम्मा सरेपर्यंत
सगळा देश स्वच्छ.
की मला नमुन्यामागं मानधन,
आणि ऑगस्टचं बिल परत आलंय दिल्लीहून,
शेरा: रिक्षाची पावती जोडलेली नाही.

पहाटे चारला, रंकाळ्याच्या कडेनं,
पावती देणारी रिक्षा.

साडेसहाला ती उठते.
दार उघडं. बनियन छातीपर्यंत वर, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली.
मी बघायचंच, नजर हटवायची नाही.
ती भिंतीवरची पाल बघते.
नव्वद मिलिलिटर. त्याहून थेंब कमी चालत नाही.

अ बाटली, ब बाटली, झाकणं कटकट करत बसतात,
पुन्हा उघडत नाहीत फोडल्याशिवाय.
फॉर्म: गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं?
"ताप आल्ता. एक गोळी."
नाव?
"ठाऊक न्हाई."
कुणी दिली?

ती बोलत नाही.
घोटणं परत सुरू होतं, जरा जोरात.
मी लिहिते: ताप, गोळी एक, नाव माहीत नाही.
सही. तिची, माझी, आणि साक्षीदार म्हणून त्यांची.

निघताना वस्ताद पितळी पेला पुढं करतात.
"घ्या. पोटात कायबी नसंल तुमच्या."
नको म्हणते. नियम आहे.

कुरियरवाला शटर अर्धं उचलून विचारतो,
"आत काय?"
सरकारी.
"उधारी बंद केलीया सरकारची."
मी पर्स उघडते.
पावती मात्र मागून घेते.