डबाभर कीश

निंगव्वा विचारते, किती?
गोवावेसच्या कोपऱ्यावर, पोत्यावर पसरलेली तिची भाजी.
मी म्हणते, एक ढबू मिरची. एक गाजर.
आणि मेथीची अर्धीच पेंडी देशील काय?
ती पेंडी सोडते, अर्धी करते, परत बांधते
आणि वर धरून दाखवते : साकेन्री?
साकू, म्हणते मी. एकटीला किती लागतंय.
वर दोन काड्या कोथिंबीर ठेवते, फुकट.
एकटी म्हणून नव्हे,
माझ्याकडं सुट्टे नव्हते, तिच्याकडंही, म्हणून.

दुसऱ्या गेटला मालगाडी आडवी.
कागदाच्या पुडीत दोन अंडी धरून
मी एकावन्न डबे मोजले.

हा पदार्थ हर्मिना परेराचा.
क्याम्पातली. एक्स्चेंजला माझ्या शेजारच्या बोर्डावर बसायची,
कानाला हेडफोन, दाढेत लवंग.
दोन ट्रंककॉलच्या मधल्या फटीत सांगितला होता :
खरं म्हणजे खाली पिठाचं कवच असतंय गो,
पण रात्रपाळी करून आल्यावर लाटत कोण बसणार?
आपण नागडाच करायचा.
कॉलच्या तिकिटामागं मी लिहून घेतलं : कीस.
श की स, विचारणार होते,
तेवढ्यात हुबळीचा दिवा पेटला.

निंगव्वाला नाव सांगितलं तर ती म्हणाली,
आमच्यात किसि म्हणजे दात दाखव.
आणि दाखवले. पुढचा एक नाही.

कांदा मऊ पडला पाहिजे, लाल नको.
मग गाजर, मग ढबू, मेथी सगळ्यात शेवटी,
ती लगेच रुसून एवढीशी होते.
अंडी फोडायची, अर्धी वाटी दूध,
मिरपूड, मीठ, चीजचा एक चौकोन किसून
(म्हणजे कीस आहेच की यात, हर्मिना),
वर संकेश्वरी मिरचीचं बोटभर तिखट, ते माझं.

डबा तोच, कामावर न्यायची तो.
झाकणावर ठोकून घेतलेलं : कु. मं. ना. पाटणेकर.
एकतीस वर्षं राखेनं, मग पावडरीनं घासला,
पाटणेकर पुसट झालं,
‘कु.’ अजून ठळक.

जाड बुडाच्या पातेल्यात मूठभर खडेमीठ,
मीठ तापलं की त्यावर डबा, पातेल्यावर ताट,
ताटावर खलबत्ता, वाफेनं डोकं वर काढू नये म्हणून.
आच बारीक. पंचवीस मिनिटं.

सतराव्या मिनिटाला कोल्हापूरहून ताईचा फोन.
काय करूलीस?
कीश.
आज कसला उपास गं?
म्हटलं, उपास नाही, अंड्याचा आहे.
अंड्याचा कीस? अंडं किसतात कसं?
मग मी सांगत बसले, ती मध्ये मध्ये अगंबाई म्हणत राहिली,
मग तिच्या सुनेचं, मग गुडघ्याचं,
मग, तू तिकडं एकटी काय खातेस काय की,
ये की इकडं, दोन तासांचा तर रस्ता.
येते, म्हटलं.
आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली,
आपलं तोडायला मला अजून येत नाही.

वास आला तेव्हा आठवलं.
विणायची सुई खुपसून पाहिली, कोरडी निघाली.
मध्ये पिवळा, फुगलेला, हलका हलणारा,
आणि कडेकडेनं जरा जास्तच झालेला :
नको म्हटलेलं कवच
स्वतःच धरून बसलेला.

निवेपर्यंत तो हळूहळू खाली बसला.
ताटात काढला नाही, डब्यातच चमचा घातला.
मीठ थोडं कमी, तिखट बरोबर.
मधला सगळा मऊ भाग संपवून
शेवटी कड खरवडत बसले,
चमच्याचा आवाज इतका मोठा
की खालच्या मजल्यावरच्या होसमनींनी हाक मारली,
काय झालं ओ?

काही नाही, जेवूलोय,
म्हटलं मी. आणि परत खरवडू लागले.