पाला

इथल्या बोलीत पाला म्हणजे
रात्रीतून पीक जाळून टाकणारं गोठलेलं दव.
आमच्या घरात पाला म्हणजे पानं.
घाटीगावच्या मेंढ्यांनी यंदा
दोन्ही एकदम खाल्ले.

दिवाळीपासून त्या फुलकोबीच्या फेकल्या पानांवर होत्या.
पौषात मोहरी करपली, तेव्हा शेतमालक म्हणाला,
चरू दे, नाहीतरी नांगरच फिरवायचाय,
रात्री कळप मात्र इथंच बसव,
लेंड्या माझ्या.
पंचम बघेलला सौदा स्वस्त वाटला.
त्रेचाळीस मेंढ्या,
बारा दिवस हिरव्यात माना खुपसून.

तेराव्या दिवशी तो बसनं लष्करात आला.
दवाखान्याच्या पायरीवर बाटली ठेवली,
आत उकळत ठेवून विसरलेला
बिनदुधाचा चहा.
"मूत आहे," म्हणाला. "कुणीतरी करणी केलीय."
मी बॅग उचलली.

पहिल्याच मेंढीची पापणी उलटून बघितली:
गुलाबी असायला हवं तिथं
कोरा कागद.
रात्री काचेवर थेंबभर रक्त पसरलं, निळ्यात रंगवलं,
तर तांबड्या पेशींच्या कडेला
एकेक ठिपका चिकटलेला.
पंचमला म्हटलं, बघ.
त्यानं आधी चुकीचा डोळा मिटला, मग बरोबर.
"ही तर मोहरी," म्हणाला, "दाणा न् दाणा."
मी हसले,
आणि मध्येच थांबले.
पुस्तकात याला दोन पानं लागतात.

आता त्यांना भुसा दे. शेताबाहेर काढ.
पण हाकू नकोस, धावल्या तर तिथंच बसतील,
धावण्यापुरतंसुद्धा रक्त नाही त्यांच्यात.
चौदा किलोमीटर, तीन दिवस.
सगळ्यात अशक्त होती तिला त्यानं
खांद्यावर घेतलं,
आणि ती वाटेतच
खांद्यावर जड झाली.

सात गेल्या. मी रकान्यात सात लिहिलं.
त्याला भरपाईचा फॉर्म दिला,
त्यात 'पीक' होतं, 'पूर' होता, 'वीज' होती,
'मोहरी' कुठेच नव्हती.

फाल्गुनात पुन्हा फोन.
दोन कोकरं, अंगावर लोकर विरळ,
गळ्याखाली लिंबाएवढी गाठ,
उभं राहायला जमत नाही.
मी आयोडीन घेऊन गेले.
आईनं काय खाल्लं होतं, ते त्याला समजावत होते:
कोबी, मोहरी, एकाच गोतातली,
पोटातल्या जिवाचा गळा धरतात.
तो ऐकत नव्हता.
माझ्या गळ्याकडे बघत होता,
जिथं आडवा, दोऱ्याएवढा व्रण आहे
आणि ज्याच्यापायी रोज पहाटे उपाशीपोटी
मी एक पांढरी गोळी गिळते.

"तुमची आईपण
मोहरीच्या शेतात राहायची का?"

आई इथंच दाल बाजारात राहायची,
तीन खोल्या, खिडकीत एक तुळस.
मी ड्रॉपरचं बूच लावलं.
म्हटलं, गाभण मेंढ्यांना यापुढे खडेमीठ नको,
पुडीतलं दे.

एक कोकरू गेलं.
दुसरं उठलं, पाचव्या दिवशी, वाकड्या पायांनी.
त्याला तो 'डाक्टरनी' म्हणतो.
नर आहे, हे मी त्याला सांगितलंय.