प्रमाण : एकास दहा

पीचच्या बागेतलं हे टेकाड
प्रोद्रोमोसच्या आजोबांना स्वस्तात मिळालं.
काळ्या समुद्राकाठून हाकलून लावलेली माणसं,
मिळेल ती जमीन घेत होती.
इथं नांगर चालत नाही, असं लिहून दिलेलं.
पोरं बर्फात पत्र्यावर बसून त्यावरून घसरायची.

आता त्याच्या पोटात मी.
गुडघ्यावर आलेखाचा कागद, कपाळाला दिवा,
आणि समोर दार.

संगमरवरी. दोन फळ्या.
खिळ्यांच्या रांगा दगडातच कोरलेल्या,
लाकडाची आठवण ठेवून.
बाजूला अर्धे खांब, कसलाही भार न घेणारे.
वर खिडकी, नुसती रंगवलेली;
एक झडप किलकिली,
आतलं कुणी उकडतंय म्हणून उठलं असावं तशी.

एवढं सगळं केलं,
निळा पुरता वाळला की नाही कोण जाणे,
आणि वर माती लोटली.
पाहिलं असेल तीसेक माणसांनी. एक दुपार.

अर्गिरो आकडे सांगते, मी मांडते.
"दोन मीटर अठरा."
"अठरा."
"अठरा पूर्णांक चार."
ती चार कधी सोडत नाही.
ओळंबा हलतो. आम्ही श्वास धरून.

कमानीच्या माथ्यावर चोरांचं भोक.
ते तुटक रेषेनं दाखवायचं, असा नियम.
त्यातून दुपारी थोडं ऊन उतरतं,
त्याला नियम नाही.

शय्येवर कुणी नाही.
हस्तिदंताचा एक डोळा सापडला, नखाएवढा.
क्रमांक एकशे सहा.

आणि गिलाव्यात सुताचा ठसा.
ओल्यावर ताणून आपटलेलं सूत,
पीळसुद्धा उमटलाय.
मध्येच वाकडं. कुणाचा तरी अंगठा निसटला,
मग रंगाऱ्यानं लाल पट्ट्यानं झाकून घेतलं.
पट्टा झडला, चूक राहिली.

मी माझी नायलॉनची दोरी
त्याच उंचीवर ताणते.
तीन मिलिमीटरचा फरक.
कुणाचा, हे लिहायला तक्त्यात रकाना नाही.

संध्याकाळी वर येते तर प्रोद्रोमोस:
"पुन्हा बुजवणार ना?"
हो. छपराला पैसे नाहीत, ओल येते.
आधी वाळू, मग हीच माती.
"मग इतकं काढत कशाला बसलीस?"
असं म्हणत एक पीच हातावर ठेवतो,
एका बाजूनं पाखरानं टोचलेलं.

मी दुसऱ्या बाजूनं खाते.
कागद गुंडाळून नळीत घालते.

उद्या खिडकी.
किती उघडी आहे,
ते मोजायचं राहिलंय.