एकोणीस फोडी

मटण अर्धा किलो. माणसं सात.
हे गणित मी बारा वर्षं सोडवतेय
आणि उत्तर दरवेळी भोपळाच येतं.

म्हणून लाल भोपळ्याची मोठी फाक,
दोन बटाटे, मूठभर घेवडा, चार काटेरी वांगी
(काटा टोचला म्हणजे वांगं ताजं, असं भाजीवाली म्हणते
आणि मी बोट चोखत पैसे देते),
कांद्याच्या जाड चकत्या.
भाजी इतकी, की त्यात मटण
पाहुण्यासारखं दिसावं,
कडेकडेनं, संकोचून बसलेलं.

कुकरला हळदीच्या पाण्यात तीन शिट्ट्या.
निथळताना फोडी मोजल्या. एकोणीस.
खायचं मोजू नये म्हणतात, बरकत जाते.
पण दिवसभर टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बाईला
न मोजता काही हाताळताच येत नाही.
बारा नग, गाठ. बारा नग, गाठ.

काळा मसाला, लसणाचं वाटण, थोडं दही,
शेंगाकूट मात्र सढळ हातानं.
ट्रे म्हणजे तेलाचा डबा, आडवा कापून
कडा ठोकून घेतलेला.
एका बाजूला अर्धं सूर्यफूल अजून शिल्लक आहे.
तळाला वांगी, त्यावर फोडी, मग घेवडा, कांदा,
आणि सगळ्यांवर भोपळ्याच्या कापांची चादर.
सोलापुरात दुसरं काय अंथरणार?

एका कोपऱ्यात बटाट्यांची भिंत.
भिंतीपलीकडचं पद्मजाचं, माझ्या जाऊचं.
मागच्या चैत्रात तिनं मटण सोडलं.
का, ते कुणी विचारलं नाही, मीही नाही.
माझ्या हिशेबातलं एक माणूस कमी झालं, एवढंच
मनात आलं, आणि मग दोन दिवस
तिच्याकडे नीट बघवलं नाही.
रस्सा भिंत ओलांडतो
हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे.

सहाला मौलालीचाचांची भट्टी मोकळी होते.
पाव निघून गेलेले, खारी अजून लागायची,
मधल्या तासाभराची धग
गल्लीतली चार घरं वाटून घेतो.
कुणाचे शेंगदाणे, कुणाची उजनीची मासळी.
चाचा लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे आत सरकवतात.
"सूर्यफूल कुणाचं?"
म्हणजे मी.
"पोरी, या उन्हात पत्र्यावर ठेवलं असतंस
तरी शिजलं असतं."
हे ते दर मे महिन्यात म्हणतात
आणि मी दर मे महिन्यात हसते.
पैसे विचारले की म्हणतात, कागदावर एक बटाटा ठेव.

भोपळ्याच्या कडा काळ्या पडल्या,
तेल वर येऊन बारीक बारीक उकळत होतं.
डाग पडल्यामुळे माघारी आलेल्या टॉवेलात
ट्रे गुंडाळून निघाले.
वाटेत दोन दारं उघडली, एक कुत्रं मागे लागलं,
आणि बोळाच्या तोंडाशी लाइट गेली.

लाइट नसली की वाढणं सोपं.
अनुषाला नळी, म्हणून भार्गव फुरंगटला,
त्याला दोन फोडी जास्त.
लूमवर कानठळ्या बसून आलेले हे
आणि अंबादास भावोजी
एकमेकांशी ओरडूनच बोलत होते, भाकरी चुरत होते.
पद्मजा भिंत मोडून बटाटे खात होती.
सासूबाईंनी पहिला घास घेतला,
थांबल्या, जिभेवर घोळवला,
"उप्पू तक्कुवा."
मीठ कमी. बारा वर्षांत
त्या माझ्याशी मराठीत नीट बोलतात,
मीठ तेवढं तेलुगूत कमी पडतं.

मी अंधारात मनाशी जुळवत होते.
मुलांची सात. यांच्या चार, भावोजींच्या चार,
सासूबाईंच्या दोन मऊ, माझी एक.
अठरा.
पुन्हा मोजलं. अठरा.
चाचा? छे. कुत्रं? टॉवेलची गाठ तशीच होती.
पद्मजाच्या ताटाकडे बघितलं,
आणि बघितल्याची लाज वाटली.

मग आठवलं.
भट्टीच्या दाराशी, झाकण्याआधी,
एक फोड मीच तोंडात टाकली होती,
गरम, हाडाला सुटलेली,
डोळे मिटून.

मीठ बघायला.