एक वीत

अप्पर डेपोतून सहा चाळीसची सुटते
तेव्हा माझ्या मुठीत दहाचं एकच नाणं असतं.
ते जिथवर नेईल
तेवढंच माझं पुणं.

त्यापुढे दर बदलतो.
डोळ्यांना काही दिसत नाही. तोच रस्ता, तोच दुभाजक,
तेच अमृततुल्य, दारात तोच झोपलेला कुत्रा.
पण खळदकर कंडक्टरच्या मशीनमध्ये
तिथून पुढे वीस.
म्हणून मी एक स्टॉप आधी उतरते,
शुक्रवार पेठेतल्या माझ्या पोळ्यांपर्यंत चालत जाते.
जाताना दहा, येताना दहा.

महिन्याचे किती होतात, विचारू नका.
मयूरेशचे शाळेचे बूट झाले त्यात,
आणि वर किलोभर शेंगदाणे.
खोटं कशाला बोलू, ते चालणं मला आवडायचंसुद्धा.
तेवढा वेळ कुणी म्हणत नाही, ताई, पोळ्या जाड झाल्या.
मी स्वतःला हुशार समजायची.

मग शमीम बरोबर यायला लागली.
रविवार पेठेत साड्यांना फॉल-पिको करते.
डाव्या पायात लहानपणापासून कॅलिपर,
काखेत कुबडी, कुबडीला अडकवलेली साड्यांची पिशवी.
पहिल्याच दिवशी मी शहाणपणा शिकवला,
अगं, एक स्टॉप आधी उतर, दहा वाचतात.
ती खिडकीबाहेर बघत म्हणाली,
तुझे दहा तुझे पाय कमावतात.

पास का नाही काढत?
काढते की. दाखला लागतो.
दाखल्यासाठी ससूनला तीन चकरा,
दोन बस बदलून.

तेव्हापासून मला बस नीट दिसायला लागली.
स्टॉपच्या पुढ्यात लावलेल्या गाड्या,
म्हणून बस उभी भर रस्त्यात,
मधल्या फटीतून सुसाट जाणारी एखादी ॲक्टिव्हा,
आणि मग पायरी.
शमीमनं एकदा शिलाईच्या टेपनं मोजली ती,
आकडा सांगितला नाही.
नुसती टेप गुंडाळत राहिली.

खालच्या पायरीची थंड बसही येते म्हणे,
येते, देवाचा प्रसाद यावा तशी.
तिला दारात रॅम्प आहे.
रॅम्पचं कुलूप आहे.
कुलपाची चावी डेपोत आहे.

प्रभागाच्या सभेला आम्ही दोघी गेलो.
भिंतीवर नकाशा, रंगीत रेघा,
आमची वस्ती घडीत दुमडलेली.
मी म्हटलं, साहेब, दर जिथे बदलतो
तिथे रस्त्यावर पांढरा पट्टा तरी मारा,
कळू दे आम्हाला आम्ही कुठे महाग होतो.
लोक हसले. साहेबही.
मग शमीमकडे वळून म्हणाले, बाई, नेमकं हवंय काय?
नवा मार्ग? जादा गाड्या?

तिनं हात वर केला.
अंगठा ताणला, करंगळी ताणली.
एवढं, म्हणाली.
पायरी एवढी खाली
आणि बस एवढी जवळ.

फॉर्मवर रकाना होता: मागणीचा तपशील, पुढे संख्या.
साहेबांनी थोडा विचार केला
आणि संख्येपुढे लिहिलं,
१.

पायरी अजून तिथेच आहे.
पण खळदकरच्या पाळीला
स्टॉप जवळ आला की तो घंटी ओढतो आणि ड्रायव्हरला ओरडतो,
घे अजून आत, अजून, वीतभर राहिली!
सुट्टीवर असला की
ती पुन्हा भर रस्त्यात, पदर खोचून.

मी अजूनही एक स्टॉप आधी उतरते.
बूट पुन्हा लहान झालेत.
उतरताना तिच्या तिकिटाकडे बघत नाही,
मग बस पुढे निघून जाते
आणि मी चालायला लागते,
हुशारीबिशारी काही नाही,
नुसती चालते.