पॅसेजची रुंदी

जामनेर रोडच्या घराला अजून दारं बसलेली नाहीत.
कृपाली बऱ्हाटे पालथ्या बादलीवर बसलीय,
मांडीवर टॅब,
बोटाने एकेक पॅसेज सरकवतेय माझ्यापुढे.

हा बघा काकू, राखाडी, लाइट खालून.
चालाल तसा पावलांपाशी उजेड.
ह्यात एक भिंत पूर्ण आरशाची, जागा दुप्पट वाटते.
ह्या उभ्या लाकडी पट्ट्या सध्या खूप चालतात.
इथे अरुंद टेबल, त्यावर एखादी मूर्ती,
नाहीतर काहीच नाही.
काहीच नाही हेही हल्ली महाग पडतं, म्हणते आणि हसते.

तुम्हाला काय आवडतं?

एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
वाईट म्हणून नाही;
रेल्वेच्या क्वार्टरमध्ये हा प्रश्नच नसतो.
भिंती पिवळ्या.
भुसावळला पिवळ्या, मध्ये चार वर्षं खंडव्याला, तिथेही पिवळ्या.
खिळा ठोकायचा तरी मनात साहेबाची भीती.
दारावर नंबर रंगाने,
आपलं नाव खडूने.

मी म्हटलं, पिवळा नको.
तिने लगेच टिपून घेतलं,
जणू मी फार मोठं काही सुचवलं होतं.

शकील मिस्त्री चौकटीला रंधा मारता मारता बोलला,
भाभी, आरसा राहू द्या.
मेमध्ये इथे पारा सेहेचाळीसला टेकतो,
कूलरची हवा ह्याच बोळातून आत जाणार.
हवेला काय तोंड पाहायचंय?

मग आरसा गेला.
खाली शहाबादी ठरली, पॉलिशशिवाय,
भर दुपारी उशी न घेता आडवं होता येईल अशी.
कृपालीला हे जरा खटकलं.
पॅसेजमध्ये कुणी झोपतं का काकू?
मी म्हटलं, तू पुण्यात शिकलीस ना.

शेवटी रुंदी.
साडेचार फूट, ती म्हणाली.
दोन माणसं समोरासमोरून आरामात जातील,
अंगाला अंग लागणार नाही.

विटांच्या ढिगावर लीलाधर शेंगा सोलत होता.
इतका वेळ गप्प.
"एवढा रुंद कशाले? बैलगाडी घालाची का?"

आणि मला ती क्वार्टरची बोळकंडी दिसली.
तीन फूट, त्यातही सायकल.
सकाळी साडेसहाला हा मालगाडी सोडून घरी यायचा,
डोळे लाल, बगलेत झेंड्यांची गुंडाळी, हातात बत्ती,
आणि मी निघालेली असायची सातच्या शाळेला,
वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून.
एकाने भिंतीला पाठ लावायची,
तेव्हा दुसरा जाणार.
सरक.
तू सरक.
आठवड्यातले चार दिवस एवढंच बोलणं.
डिझेलचा वास माझ्या पदराला,
भिंतीचा पिवळा त्याच्या पाठीला.
शाळेत पोरी म्हणायच्या, बाई, खांद्याला चुना लागलाय,
आणि मी तो लगेच झटकायची नाही,
दुसऱ्या तासापर्यंत तरी.

हे काय सांगणार त्या पोरीला.
मी म्हटलं, तीन फूट कर.

काकू, तीन म्हणजे फारच कमी. फर्निचर वळणार नाही.
फर्निचर गच्चीवरून घे.
उद्या वय झाल्यावर, काका आजारी पडले तर...
ती थांबली. बरोबरच बोलत होती.
सव्वातीन, मी म्हटलं.
त्याच्यावर एक इंच नाही.

उरलेली जागा स्वयंपाकघराच्या कोठीला गेली,
तिथे आता खापर नीट राहील, मांड्यांचं.

शकीलने फक्कीने जमिनीवर दोन रेघा मारल्या.
भिंती अजून नाहीत, नुसत्या रेघा,
आणि पलीकडून लीलाधर आलाच बघायला,
शेंगांची टरफलं शर्टावर,
पोट पहिल्यापेक्षा बरंच पुढे.
मी इकडून निघाले.
मधोमध गाठ पडली.

बाजूला सगळी मोकळी जागा होती.
रेघ ओलांडली असती तरी चाललं असतं,
कृपाली बघतही नव्हती.

"सरक ना वं," तो म्हणाला.

मी सरकले नाही.